स्कॉटलंडच्या बेटांची बोट का अडते?

२१ नोव्हेंबर २०१७ रोजी स्कॉटलंडमधील क्लाइड नदीच्या काठी, पोर्ट ग्लासगो येथील गोदीत, 'ग्लेन सॅनॉक्स' नावाची नवी प्रवासी बोट पाण्यात सोडण्यात आली. समारंभाला प्रथम मंत्री, म्हणजे स्कॉटिश सरकारच्या प्रमुख, निकोला स्टर्जन उपस्थित होत्या आणि काठावर लोकांची गर्दी होती. बोटीच्या पुढच्या भागात जिथे खिडक्या असायला हव्या होत्या, तिथे पोलादावर काळ्या रंगाने नुसत्या खिडक्या रंगवलेल्या होत्या, कारण खऱ्या खिडक्या अजून बसवायच्या होत्या. ही बोट २०१८ मध्ये प्रवाशांच्या सेवेत यावी असा करार होता. प्रत्यक्षात तिची पहिली नियमित फेरी निघाली ती १३ जानेवारी २०२५ रोजी. तिच्याबरोबरच मागवलेली 'ग्लेन रोझा' ही दुसरी बोट २०२५ संपतानाही तयार नव्हती.

ही बातमी ब्रिटिश वर्तमानपत्रांत इतकी वर्षे येत राहिली आहे की, बाहेरच्या वाचकाला तिचा शेंडा-बुडखा सापडत नाही. बोट कोणाची, चालवते कोण, पैसे कोणाचे आणि बेटावरची माणसे एवढी चिडलेली का, हे समजून घ्यायचे असेल तर मुळापासून सुरुवात करावी लागते.

कॅलमॅक म्हणजे काय

स्कॉटलंडचा पश्चिम किनारा नकाशावर पाहिला तर तो फाटलेल्या कापडाच्या किनारीसारखा दिसतो. जमिनीत दूरवर घुसलेल्या खाड्या आणि त्यांच्या बाहेर विखुरलेली शेकडो बेटे. त्यांतील हेब्रिडीज बेटसमूह आणि क्लाइड नदीच्या मुखाजवळची अरन, ब्यूट यांसारखी बेटे यांना मुख्य भूमीशी जोडण्याचे काम प्रामुख्याने एकच कंपनी करते. तिचे नाव 'कॅलेडोनियन मॅकब्रेन'. लोक तिला 'कॅलमॅक' म्हणतात. सुमारे ३५ बोटी, ५० च्या आसपास बंदरे आणि वर्षाला ५० लाखांच्या घरात प्रवासी, असा तिचा पसारा आहे.

कंपनीची मुळे १८५१ मध्ये सुरू झालेल्या डेव्हिड हचिसन यांच्या आगबोट कंपनीत आहेत. १८७९ मध्ये ती डेव्हिड मॅकब्रेन यांच्या ताब्यात आली आणि पुढे हेच नाव पश्चिम किनाऱ्यावर घरोघरी झाले. दुसरी शाखा रेल्वेची. कॅलेडोनियन रेल्वेने क्लाइडच्या मुखात चालवण्यासाठी १८८९ मध्ये वेगळी बोट कंपनी काढली होती. १ जानेवारी १९७३ रोजी या दोन्ही शाखा एकत्र झाल्या आणि आजचे जोडनाव तयार झाले. आज ही कंपनी पूर्णपणे स्कॉटिश सरकारच्या मालकीची आहे.

मराठी वाचकाला ती ओळखीची वाटावी यासाठी सर्वांत जवळचे उदाहरण एसटीचे आहे. 'गाव तिथे एसटी' या घोषणेत जो विचार आहे, म्हणजे घाटमाथ्यावरच्या वाडीत चारच प्रवासी असले तरी मुक्कामाची गाडी गेली पाहिजे, तोच विचार कॅलमॅकच्या मुळाशी आहे. फरक इतकाच की, एसटी चुकली तर वडाप मिळते, दुचाकी मिळते, नाहीतर माणूस चालत निघतो. बोट चुकली तर समोर समुद्र असतो.

बोट हाच रस्ता

सरकारी भाषेत या सेवेला 'जीवनवाहिनी सेवा' म्हणतात. ज्या वाहतुकीवाचून त्या ठिकाणी माणसांना राहताच येणार नाही, ती जीवनवाहिनी. या शब्दातला नेमका आशय कळण्यासाठी एखाद्या बेटाचा दिवस डोळ्यांसमोर आणावा लागतो.

आयला हे बेट घ्या. तीन हजारांच्या वर लोकवस्ती आणि जगभर माल पाठवणारे व्हिस्कीचे अनेक कारखाने. कारखान्यांना लागणारा बराचसा कच्चा माल आणि इंधन बोटीने येते, तयार माल बोटीने जातो. एक दिवस बोट आली नाही तर मालमोटारी धक्क्यावर अडकतात आणि दुसऱ्या दिवशीच्या बोटीत आधीच आरक्षण केलेल्यांबरोबर त्यांनाही जागा हवी असते. टायरी किंवा बॅरा बेटावरचा शेतकरी आपली मेंढरे आणि वासरे विकायला मुख्य भूमीवरच्या ओबनच्या बाजाराला नेतो. बाजाराचा दिवस हुकला तर जनावरांना आणखी चारा घालून पुढच्या बाजाराची वाट पाहावी लागते. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला मुख्य भूमीवर जावे लागते. दुकानातली भाजी, दूध, पाव, औषधे, सिमेंट, घराचे छप्पर या सगळ्यांची वाट एकच आहे.

बॅरा बेटावर विमानही उतरते, आणि तेही ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या पुळणीवर. तिथल्या विमानसेवेचे वेळापत्रक भरती-ओहोटीवर ठरते. ऐकायला हे विलक्षण वाटते, परंतु त्या छोट्या विमानातून मेंढरे नेता येत नाहीत आणि डिझेलचा टँकरही आणता येत नाही.

इथे आपल्या कोकणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. मुंबईहून रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करीत गोव्याला जाणारी बोट एकेकाळी कोकणी माणसाचा मुख्य आधार होती. पावसाळ्यात ती बंद असे. पुढे रस्ते सुधारले, एसटी आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि बोट केवळ आठवणीत राहिली. कोकणाला बोटीवाचून जगता आले, कारण कोकण मुख्य भूमीलाच लागून आहे. हेब्रिडीजच्या माणसाला तो पर्याय नाही, आणि अटलांटिक समुद्र ऐन हिवाळ्यात खवळतो तेव्हाही त्याची बोट हंगाम संपला म्हणून बंद ठेवता येत नाही.

भाडे रस्त्याच्या हिशेबाने

बोट हाच रस्ता असेल तर तिचे भाडे किती असावे? स्कॉटलंडने या प्रश्नाचे जे उत्तर शोधले ते मला विचार म्हणून फार आवडते. बेटापर्यंतचे अंतर समुद्राऐवजी रस्त्याने कापायचे असते तर गाडीला जितका खर्च आला असता, त्याच्या आधारे बोटीचे भाडे ठरवायचे, त्यात एक ठरावीक मूळ रक्कम मिळवायची आणि उरलेला भार सरकारने उचलायचा. या पद्धतीला 'रस्ता-समतुल्य भाडे' म्हणता येईल. ऑक्टोबर २००८ मध्ये काही मार्गांवर तिचा प्रयोग सुरू झाला आणि २०१५ पर्यंत ती कॅलमॅकच्या सर्व मार्गांवर लागू झाली. मोठ्या मालमोटारींना मात्र ही सवलत नाही.

भाडे उतरल्यावर बेटांना फायदा झालाच, पण पर्यटकही आपापल्या गाड्या आणि फिरती घरे घेऊन येऊ लागले. उन्हाळ्यात बोटींवर गाड्यांसाठी जागा उरेना. ज्या बेटवासीयांसाठी भाडे कमी केले होते, त्यांनाच ऐनवेळी दवाखान्याला किंवा अंत्यविधीला जायचे झाले तर आरक्षण मिळणे कठीण झाले. भाडे कमी करणाऱ्यांनी मागणी वाढेल हे गृहीत धरले होते. त्या प्रमाणात बोटी मात्र वाढवल्या नाहीत. पुढच्या सगळ्या अडचणींची सुरुवात इथे आहे.

एक बोट बिघडली की दुसरे बेट का अडते

कॅलमॅकच्या बोटी बहुतांशी 'रो-रो' पद्धतीच्या आहेत, म्हणजे गाडी एका टोकाने चालवत आत न्यायची आणि पलीकडच्या बंदरात चालवत बाहेर काढायची. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसह जाणाऱ्यांना ती माहीत आहे. वरवर सोपी वाटणारी ही पद्धत बोट आणि धक्का यांना एकमेकांशी बांधून टाकते. धक्क्यावरचा उतार बोटीच्या दाराला बरोबर जुळावा लागतो, बंदरात पुरेशी खोली लागते, आणि बोटीला वळायला जागा लागते. त्यामुळे कोणतीही बोट कोणत्याही बंदरात नेता येत नाही. कुलूप आणि किल्ली यांच्यासारखे हे नाते आहे. ताफ्यात पस्तीस किल्ल्या असल्या तरी एखाद्या कुलपाला त्यांतल्या दोनच लागतात.

आता या ताफ्याचे वय पाहा. 'हेब्रिडियन आइल्स' ही बोट १९८५ पासून २०२४ पर्यंत चालवावी लागली. 'आइल ऑफ अरन' १९८० च्या दशकातलीच. अरन बेटाची मुख्य बोट 'कॅलेडोनियन आइल्स' १९९३ मधली. ती जानेवारी २०२४ मध्ये वार्षिक दुरुस्तीसाठी गेली, तिथे पत्रे गंजलेले निघाले, एक काम काढले की दुसरे सापडत गेले आणि वर्ष उलटले तरी ती परतली नाही. जुन्या घराची एक भिंत खरवडायला घ्यावी आणि पाठोपाठ तुळई, वासे, कौले असे सगळेच हाती घ्यावे लागावे, तसा हा प्रकार होता.

अशी एखादी मोठी बोट बंद पडली की तिच्या जागी दुसऱ्या मार्गावरची बोट काढून आणावी लागते. तिच्या जागी तिसरी. या अदलाबदलीत ज्या मार्गावर सर्वांत कमी प्रवासी असतात, त्या मार्गाची बोट शेवटी जाते आणि तिच्या जागी दुसरी बोट येत नाही. जून २०२३ मध्ये साउथ युइस्ट बेटाच्या लॉकबॉइसडेल बंदरातील बोट अशीच इतरत्र नेली गेली आणि ऐन हंगामात तिथली सेवा जवळजवळ महिनाभर थांबवण्याचे ठरले. दोन हजारांहून कमी वस्तीच्या त्या बेटावरचे सुमारे ५०० लोक आपल्या गाड्या, मालमोटारी घेऊन बंदरावर निषेधासाठी जमले. बेटाच्या पाव भागाहून अधिक माणसे एका ठिकाणी आली, हे लक्षात घेतले म्हणजे त्यामागचा त्रास कळतो. त्यांची स्वतःची बोट धडधाकट होती. बिघडली होती ती दुसऱ्याची.

माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म इथे आहे. मोठ्या बोटींच्या ताफ्यात वापरण्याजोगी राखीव बोट शिल्लक राहिली नव्हती. एसटीच्या आगारात एखादी गाडी राखीव उभी असते, ती रोज धावत नाही म्हणून कोणी तिला वाया गेलेली म्हणत नाही. हिशेब तपासणाऱ्याला मात्र उभी असलेली बोट हा खर्च दिसतो, आणि वर्षानुवर्षे तो टाळला गेला. शेवटी २०२३ च्या वसंतात कॅलमॅकला 'आल्फ्रेड' नावाची बोट तिच्या खासगी मालकाकडून खलाशांसह भाड्याने घ्यावी लागली. पहिल्या नऊ महिन्यांसाठीच त्याचे ९० लाख पौंड मोजावे लागले, आणि पुढे ही मुदत वाढवत न्यावी लागली.

दोन बोटींचे त्रांगडे

ताफा म्हातारा होत आहे हे सरकारला कळत नव्हते असे नाही. २०१५ मध्ये ग्लेन सॅनॉक्स आणि ग्लेन रोझा या दोन मोठ्या बोटी मागवण्यात आल्या. ठरलेली किंमत ९ कोटी ७० लाख पौंड. काम मिळाले ते पोर्ट ग्लासगोच्या फर्ग्युसन गोदीला, जी आदल्याच वर्षी दिवाळखोरीतून वाचवण्यात आली होती. क्लाइड नदीच्या काठी एकेकाळी जगातली कितीतरी जहाजे बांधली जात. तिथली शेवटची व्यापारी गोदी टिकावी ही भावना समजण्यासारखी होती.

घर बांधायला दिले तर आपण कंत्राटदाराला टप्प्याटप्प्याने पैसे देतो. तो अर्ध्यावर सोडून गेला तर दिलेले पैसे परत मिळावेत यासाठी बँकेची हमी घेता येते. जहाजबांधणीत ही हमी नेहमीची असते. या करारात ती पूर्ण रकमेची नव्हती. बोटी विकत घेणाऱ्या सरकारी कंपनीने याबद्दल आधीच चिंता कळवली होती, तरीही करार पुढे गेला, आणि मंत्र्यांनी ही जोखीम का पत्करली याचा पुरेसा लेखी पुरावा सापडत नाही, असे स्कॉटलंडच्या लेखापरीक्षकांनी मार्च २०२२ च्या अहवालात नोंदवले.

पुढे बोटीचा आराखडा पुरता ठरण्याआधीच पत्रे कापायला सुरुवात झाली. बोटी डिझेल आणि द्रवरूप नैसर्गिक वायू अशा दोन्ही इंधनांवर चालाव्यात असे ठरले होते, आणि या गोदीला त्या तंत्राचा अनुभव नव्हता. मागणी करणारे सतत बदल सुचवत राहिले असे गोदीचे म्हणणे; गोदीने घाईने चुकीच्या क्रमाने काम केले असे दुसऱ्या बाजूचे. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदी पुन्हा आर्थिक संकटात सापडली आणि त्याच वर्षअखेर सरकारने ती ताब्यात घेतली. दोन बोटींचा खर्च मूळ किमतीच्या चौपटीपलीकडे गेला. त्यातही ग्लेन सॅनॉक्स अरनच्या नेहमीच्या अर्ड्रॉसन बंदरात, ते सुधारल्याशिवाय, मावत नाही. म्हणून ती दूरच्या ट्रून बंदरातून सुटते. कुलूप आणि किल्ली यांची गोष्ट पुन्हा आलीच.

या साऱ्यात जबाबदारी कोणाची हे सांगणे इतके अवघड का झाले, याचे कारण २००६ मधील एका विभागणीत आहे. युरोपीय संघाच्या स्पर्धाविषयक नियमांनुसार सेवेसाठी निविदा काढणे आवश्यक झाले, तेव्हा कंपनीचे दोन भाग करण्यात आले. बोटी आणि अनेक धक्के एका सरकारी कंपनीकडे, 'सीमॅल'कडे, गेले. बोटी चालवण्याचे काम कॅलमॅककडे राहिले. आणि पैसे, भाडे व वेळापत्रक यांवरचा अंतिम शब्द सरकारी वाहतूक विभागाकडे. कल्पना करा की एसटीची गाडी एका महामंडळाची, चालक-वाहक दुसऱ्याचे आणि फेऱ्या ठरवणारे कार्यालय तिसरे. गाडी रस्त्यात बंद पडल्यावर प्रवाशाने कोणाकडे जायचे? धक्क्यावर ताटकळणाऱ्यांचा राग मात्र दोरखंड हातात घेतलेल्या कॅलमॅकच्या खलाशाला सोसावा लागतो. बोटी विकत घेणे त्याच्या हातात नाही आणि कंपनीच्याही नाही.

मग खासगी कंपनीला का देत नाहीत?

हा आक्षेप पोकळ नाही. क्लाइडच्या मुखात डुनून गावाजवळ 'वेस्टर्न फेरीज' ही खासगी कंपनी सरकारी अनुदानाशिवाय उत्तम सेवा देते. ऑर्कनी बेटांकडे जाणारी 'पेंटलंड फेरीज' कंपनीही अशीच उभी राहिली, आणि वर उल्लेख केलेली भाड्याची आल्फ्रेड बोट तिचीच. यांच्याकडून शिकण्यासारखे बरेच आहे: छोट्या अंतराचा मार्ग निवडणे, साध्या आणि दुरुस्तीला सोप्या बोटी ठेवणे, निर्णय जागच्या जागी घेणे.

पण डुनूनचा मार्ग अवघ्या वीस मिनिटांचा आणि दिवसभर वाहनांनी भरलेला आहे. कॉलनसे बेटावर सव्वाशेच्या आतबाहेर माणसे राहतात. तिथे हिवाळ्यात जाणाऱ्या बोटीचा खर्च तिकिटांतून कधीही निघणार नाही, मग ती कोणीही चालवो. शेटलंड आणि ऑर्कनीच्या मोठ्या मार्गांवर २०१२ पासून 'सर्को' ही खासगी कंपनी बोटी चालवते, तीही सरकारी अनुदान घेऊनच. हेब्रिडीजच्या कामासाठीही तिने निविदा भरली होती. २०१६ मध्ये ते काम कॅलमॅकलाच मिळाले. खासगीकरणाने चालवणारा बदलतो. कमी माणसांच्या लांबच्या प्रवासाचा खर्च तसाच राहतो.

पूल बांधावा, नाहीतर माणसांनी निघून यावे

जिथे शक्य होते तिथे पूल झाले आहेत. स्काय बेटाचा पूल १९९५ मध्ये खुला झाला. त्यावरील भरमसाट पथकराविरुद्ध लोकांनी वर्षानुवर्षे लढा दिला आणि डिसेंबर २००४ मध्ये तो कर रद्द झाला. व्हॅटरसे, बर्नरे, एरिस्के ही छोटी बेटेही भराव घालून शेजारच्या मोठ्या बेटांना जोडली गेली. परंतु अलापूलहून ल्युइस बेटावरच्या स्टॉर्नोवेला जायला बोटीला पावणेतीन तास लागतात, ओबनहून बॅराला पावणेपाच तासांच्या आसपास. तिथे पुलाचा विचार करता येत नाही.

दुसरा सल्ला अधिक कठोर आहे आणि तो शहरांत बसून सहज दिला जातो: एवढा खर्च करण्यापेक्षा ती माणसे मुख्य भूमीवर आणून वसवा. स्कॉटलंडने हे एकदा करून पाहिले आहे. सेंट किल्डा हे सर्वांत दूरचे वस्तीचे बेट. तिथे पोहोचणे हवामानावर अवलंबून होते, तरुण निघून गेले, आजारी माणसाला वेळेवर मदत मिळेना. उरलेल्या ३६ जणांनी स्वतःच विनंती केली आणि २९ ऑगस्ट १९३० रोजी त्यांना बेटावरून हलवण्यात आले. हजारो वर्षांची वस्ती एका सकाळी संपली. आजच्या बेटांवर शाळा आहेत, गेलिक भाषा बोलणारी घरे आहेत, कारखाने आहेत. पण तरुण जोडप्याने तिथे राहायचे की नाही हे ठरवताना विचारला जाणारा पहिला प्रश्न बोटीचाच असतो. बोटीचा भरवसा गेला की माणसे एकेक करून निघतात, आणि त्यासाठी कोणाला आदेश काढावा लागत नाही.

नव्या करारात काय बदलले

१ ऑक्टोबर २०२५ पासून ही सेवा निविदा न काढता थेट कॅलमॅककडे दहा वर्षांसाठी सोपवण्यात आली आहे. सरकारने स्वतःच्या मालकीच्या कंपनीला काम देण्यासाठी स्पर्धा घ्यायलाच हवी असे नाही, या कायदेशीर मुभेचा तो वापर आहे. दर काही वर्षांनी निविदेच्या कागदांत कंपनीची शक्ती खर्ची पडत असे, ती वाचेल आणि लांबचा विचार करता येईल, अशी त्यामागची अपेक्षा. चार नव्या बोटींची मागणी तुर्कस्तानातील गोदीकडे नोंदवण्यात आली. पहिल्या दोन आयला बेटासाठी आहेत.

जुन्या करारातील एका गोष्टीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नव्हते. खराब हवामानामुळे रद्द झालेली फेरी कंपनीचे अपयश म्हणून मोजली जात नसे. कप्तानाने वादळात बोट काढू नये हे योग्यच आहे, त्यासाठी त्याला दोष देता कामा नये. पण या सवलती वजा केल्यावर कागदावर सेवा जवळजवळ अचूक दिसे, आणि त्याच आठवड्यात टायरीच्या दुकानातली फडताळे रिकामी असत. नव्या करारात प्रवाशांना प्रत्यक्ष काय अनुभव आला ते मोजण्याचे आश्वासन आहे. येत्या हिवाळ्यात लॉकबॉइसडेलच्या धक्क्यावर न आलेली बोट त्या मोजणीत कशी लिहिली जाते, ते बेटावरची माणसे पाहणार आहेत.